‘अ‍ॅलर्जी’ या शब्दाचे जनक : डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के



‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द आता घराघरांत रुळला आहे. कोणाला धुळीची अ‍ॅलर्जी, कोणाला शेंगदाण्याची, कोणाला दुधाची. आमचे काही विद्यार्थी तर गणिताचीही अ‍ॅलर्जी असल्याचे हसत सांगतात. एवढा ओळखीचा झालेला हा शब्द मुळात फार जुना नाही. १९०६ साली व्हिएन्ना शहरातील एका तरुण बालरोगतज्ज्ञाने तो घडवला. त्यांचे नाव डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के.

या अंकासाठी त्यांचे चरित्र निवडण्यामागे एक कारण आहे. अलीकडे काही पालक मुलांच्या रक्ततपासणीचे लांबलचक अहवाल घेऊन शाळेत येतात आणि मुलाला काय काय चालत नाही याची यादी देतात. काही याद्या खऱ्या गरजेच्या असतात व त्या आम्ही कसोशीने पाळतो. पण काही मुलांचे दूध, गहू, अंडे, डाळ, शेंगदाणे असे सर्वच एकदम बंद झालेले असते. यातले काही खाऊन मुलाला कधी त्रास झाला होता का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे मिळते. तपासणीत काही आढळले म्हणजे आजार आहेच का, हा प्रश्न येथे उभा राहतो. पिर्के यांच्यासमोर हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, वेगळ्या रोगाच्या निमित्ताने उभा राहिला होता.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटेन येथे झाला. हे गाव आता व्हिएन्ना शहराचाच भाग आहे. घराणे सरदारांचे, जमीनजुमला मोठा. वडील ऑस्ट्रियाच्या संसदेचे सदस्य होते, तर आई एका नामांकित सावकारी घराण्यातील होती. त्यांचे धाकटे बंधू गुइडो पुढे अंतराळप्रवासाचे गणित मांडणारे आरंभीचे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. क्लेमेन्स यांनी प्रथम धर्मगुरू होण्याच्या विचाराने इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. त्यानंतर बेल्जियममधील लूव्हाँ येथे ते तत्त्वज्ञान शिकले. पण मन तेथे रमले नाही. अखेर ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० साली ग्राझ येथे त्यांनी डॉक्टरची पदवी मिळवली. दोन वाटा चालून झाल्यावर तिसरी सापडली, हे आमच्या दहावी-बारावीच्या मुलांनी जरूर लक्षात घ्यावे.

त्या काळातील विख्यात बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश हे त्यांचे गुरू. आपण ज्याला ई. कोलाय म्हणतो तो आतड्यातील जिवाणू याच एशरिश यांनी शोधला आणि त्या जिवाणूच्या नावात आज त्यांचेच नाव आहे. १९०२ मध्ये एशरिश व्हिएन्नाला आले. तेथील सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात त्यांच्या हाताखाली पिर्के काम करू लागले.

तो काळ घटसर्पाच्या भीतीचा होता. या रोगाने मुलांचा घसा आतून बंद होई आणि डोळ्यांदेखत मूल जाई. एमिल फॉन बेरिंग यांनी यावर उपाय शोधला. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार झाला की रक्तातील पातळ भाग म्हणजे सीरम वेगळे काढायचे आणि ते आजारी मुलाला टोचायचे. या उपायाने असंख्य मुले वाचली. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी.

परंतु एक कोडे होते. सीरम टोचल्यावर मूळ रोगातून बरी होत असलेली काही मुले आठ-बारा दिवसांनी पुन्हा आजारी पडत. ताप येई, अंगावर पित्तासारखे चट्टे उठत, सांधे दुखत, गाठी सुजत. घोड्याच्या सीरममध्ये विष असते, तर त्रास लगेच व्हायला हवा होता. मग मधले आठ-दहा दिवस कशात जात होते?

पिर्के आणि त्यांचे तरुण सहकारी बेला शिक यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. त्यांचे साधन फार साधे होते. मुलाच्या खाटेपाशी बसायचे, तारीख लिहायची, कोणते लक्षण कोणत्या दिवशी दिसले ते नोंदवायचे. नोंदी वाढत गेल्या तशी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या मुलाला पूर्वी एकदा सीरम दिलेले असे, त्याला ते दुसऱ्यांदा दिले की त्रास आठ दिवसांनी नव्हे, तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होई. सीरम तेच आणि मूलही तेच. बदलले होते ते फक्त मुलाचे शरीर. पहिल्या भेटीत शरीराने त्या परक्या वस्तूची ओळख करून घेतली होती आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. दुसऱ्या भेटीत ही प्रतिपिंडे तयारच होती, म्हणून प्रतिक्रिया लवकर आली. याचा अर्थ, त्रास केवळ बाहेरून आलेल्या वस्तूमुळे होत नसून ती वस्तू व शरीराची प्रतिपिंडे यांच्या भेटीतून होतो.

संरक्षणासाठी तयार होणारी प्रतिपिंडे त्रासही देऊ शकतात, हे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते. १९०३ मध्ये पिर्के यांनी आपला विचार लिहून बंद पाकिटात व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवला. १९०५ साली पिर्के आणि शिक यांचे सीरमपासून होणाऱ्या आजारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला आणि नवा शब्द सुचवला. ग्रीक भाषेतील ‘अ‍ॅलॉस’ म्हणजे दुसरे, वेगळे आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. या दोहोंपासून ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द झाला. त्याचा त्यांच्या मनातील अर्थ होता बदललेली प्रतिक्रिया. एखाद्या वस्तूशी पूर्वी गाठ पडल्यामुळे शरीर तिला आता वेगळ्या रीतीने उत्तर देते, एवढेच त्यांना सांगायचे होते. देवीची लस दुसऱ्यांदा टोचली की हातावरील प्रतिक्रिया लवकर उमटते, हेही त्यांच्या मते याच प्रकारात मोडत होते. म्हणजे मूळ अर्थाने अ‍ॅलर्जी हे रोगाचे नाव नव्हते. शरीराच्या आठवणीचे ते नाव होते. आठवण कधी रक्षण करते, कधी त्रास देते आणि पुष्कळदा काहीच करीत नाही. पुढे लोकांनी या शब्दाचा अर्थ त्रासापुरता आकुंचित केला.

आठवण आणि आजार यांतील फरक पिर्के यांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवला तो क्षयरोगाच्या बाबतीत. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूंपासून ट्युबरक्युलिन नावाचा अर्क तयार केला होता. १८९० मध्ये औषध म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण औषध म्हणून ते फसले. पिर्के यांनी १९०७ मध्ये त्याचा उपयोग तपासणीसाठी केला. मुलाच्या हातावर ट्युबरक्युलिनचे दोन थेंब ठेवायचे, तेथे त्वचेवर बारीक ओरखडा काढायचा आणि त्या दोहोंच्या मधोमध ट्युबरक्युलिनशिवाय तिसरा ओरखडा काढायचा. तुलनेसाठी हा तिसरा ओरखडा हवाच. एक-दोन दिवसांनी औषधाच्या जागी लाल फुगवटा आला आणि मधल्या ओरखड्यावर आला नाही, तर शरीराला क्षयाच्या जंतूंची ओळख आहे असे समजायचे.

ही तपासणी त्यांनी व्हिएन्नातील पुष्कळ मुलांवर केली. तान्ह्या बाळांत फुगवटा क्वचितच दिसे. वय वाढत जाई तसे प्रमाण वाढे आणि चौदा वर्षांच्या आसपास तर बहुसंख्य मुलांत तो दिसे. मग व्हिएन्नातील बहुतेक मुले क्षयाने आजारी होती का? मुळीच नाही. त्यांतील बरीच मुले धडधाकट होती, खेळत होती, शाळेत जात होती. जंतूंशी त्यांची गाठ पडून गेली होती, इतकेच. तान्ह्या बाळाच्या हातावर तोच फुगवटा आला तर मात्र पिर्के तो गंभीर मानीत, कारण एवढ्या लहान वयात झालेली लागण अलीकडचीच असणार आणि तिच्यातून रोग बळावण्याचा धोका मोठा. तपासणी एकच, फुगवटा एकच, पण त्याचा अर्थ मुलाचे वय व प्रकृती पाहून ठरे.

हीच तपासणी १९०८ मध्ये फ्रान्सचे शार्ल मांतू यांनी सुधारली. आपल्याकडे दवाखान्यात जिला मॉन्टू टेस्ट म्हणतात ती हीच. त्या चाचणीनंतर डॉक्टर लगेच औषधे सुरू न करता छातीचा फोटो व इतर तपासण्या का सांगतात, ते आता आपल्या लक्षात येईल.

या कामाने पिर्के यांचे नाव जगभर झाले. १९०९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१० मध्ये ते जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे गेले. १९११ साली गुरू एशरिश यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी पिर्के व्हिएन्नाला परतले.

त्यानंतर पहिले महायुद्ध आले. १९१४ ते १९१८ या काळात आणि त्यानंतरही व्हिएन्नात अन्नाची भीषण टंचाई झाली. मुलांचे हातपाय काटक्यांसारखे झाले. या वेळी पिर्के प्रयोगशाळेतून बाहेर आले. दूध हे एकक धरून कोणत्या अन्नात किती पोषण आहे याची एक पद्धत त्यांनी तयार केली. एक ग्रॅम दुधातील पोषण म्हणजे एक माप. पोळी असो वा साखर, प्रत्येकाचे माप दुधाच्या हिशेबाने, म्हणजे स्वयंपाकिणीलाही हिशेब करता यावा. मुलाची बसलेली उंची आणि वजन यांवरून कोण किती कुपोषित आहे हे ठरवण्याची रीत त्यांनी बसवली. युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतून ऑस्ट्रियात मुलांसाठी मोठी अन्नछत्रे उघडली, त्यांचे नेतृत्व पिर्के यांनी केले. लाखो मुलांना त्यातून जेवण मिळाले.

त्यांच्या पद्धतीत उणिवाही होत्या. जीवनसत्त्वांचे महत्त्व त्यांना सुरुवातीला पटले नव्हते आणि मुडदूस हा संसर्गाने होणारा रोग असावा असे त्यांचे मत होते. तरीही हॅरिएट चिक या इंग्लंडहून आलेल्या संशोधक बाईंना त्यांनी आपल्या रुग्णालयात कामाची पूर्ण मोकळीक दिली. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि सूर्यप्रकाश यांनी मुडदूस टळतो व बरा होतो, हे चिक यांनी त्याच रुग्णालयात दाखवून दिले. आपले मत खोटे ठरवू शकेल अशा कामाला जागा देणे, हा मोठेपणा सर्वांना साधत नाही.

एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ज्यांनी दिलेला शब्द उच्चारून आज पुष्कळ मुलांच्या ताटातील पदार्थ कमी केले जातात, त्या डॉक्टरांनी आयुष्याची मोलाची वर्षे मुलांच्या ताटात अन्न वाढण्यासाठी खर्च केली.

पिर्के यांचा शेवट मात्र दुःखद झाला. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी व त्यांच्या पत्नी मारिया यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. एवढा विद्वान, एवढा मान्यवर माणूसही आतून खचू शकतो. मुलांनो, मनावर ओझे वाटले तर ते एकट्याने वाहू नका. आई-वडिलांना सांगा, शिक्षकांना सांगा, आमच्या खोलीचे दार तुमच्यासाठी उघडे आहे. ऑस्ट्रियाने २०१० मध्ये पिर्के यांच्या स्मरणार्थ सोन्याचे नाणे काढले.

पिर्के यांनी त्वचेवर जे पाहिले, ते पुढे रक्तात सापडले. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे चालत नसत. त्यांचे सीरम प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांधी उठली! अ‍ॅलर्जीचा वाहक रक्तात असतो हे सिद्ध झाले. तो नेमका कोणता, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. १९६८ मध्ये त्याला आय.जी.ई. हे नाव मिळाले. आज अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी म्हणजे एखाद्या विशिष्ट पदार्थाविरुद्धचे हे आय.जी.ई. रक्तात किती आहे त्याचे मोजमाप.

येथे पिर्के यांचा जुना धडा जसाच्या तसा लागू होतो. आय.जी.ई. आढळले म्हणजे शरीराला त्या पदार्थाची ओळख आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच, असे त्यावरून ठरत नाही. बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तात एखाद्या तरी खाद्यपदार्थाविरुद्ध आय.जी.ई. असलेले लोक २६ टक्क्यांहून अधिक निघाले, परंतु खरी अन्न-अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असलेले लोक अवघे १.२ टक्के होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २०१० मध्ये आठ वर्षांच्या मुलांचा असाच अभ्यास झाला. तपासणीत शेंगदाण्याबाबत होकारार्थी निघालेल्या मुलांपैकी साधारण पाचांत एकालाच खरोखर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. बाकीची मुले शेंगदाणे पचवू शकत होती.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. योग्य वेळी ती फार उपयोगाची आहे. पण तिची जागा दुसरी आहे, पहिली नाही. प्रथम डॉक्टरांनी विचारायचे : काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, काय त्रास झाला, प्रत्येक वेळी होतो का? या उत्तरांवरून ज्या एक-दोन पदार्थांचा संशय येईल, तेवढ्यांचीच तपासणी करायची. अंगावर फार इसब असेल, अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या थांबवता येत नसतील किंवा पूर्वी गंभीर त्रास झाला असेल, तर त्वचेच्या चाचणीपेक्षा रक्ताची तपासणी सोयीची पडते. अहवालातील आकडा मोठा असेल तर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता वाढते, पण त्रास किती तीव्र होईल हे त्या आकड्यावरून कळत नाही. उलट, अहवाल नकारार्थी असूनही त्रासाचा इतिहास स्पष्ट असेल, तर डॉक्टर त्या इतिहासाला मान देतात. शंका उरलीच तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दवाखान्यात तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहणे, ही अखेरची खात्रीची परीक्षा.

काही संशय नसताना शंभर-दोनशे पदार्थांचे पॅकेज करवून घेणे यात हित नाही. अमेरिकेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्येच अशा सरसकट तपासण्या करू नयेत असे सांगितले आहे. काही पॅकेजमध्ये आय.जी.ई. ऐवजी आय.जी.जी. मोजतात. ते तर आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्धही रक्तात असते, आणि अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ते वापरू नये असे युरोपातील तज्ज्ञांनी २००८ मध्ये स्पष्ट केले. रक्तातील एकूण आय.जी.ई. पोटात जंत असले तरी वाढते. दूध पिऊन पोट फुगणे हा पुष्कळदा दुधातील साखर न पचण्याचा प्रकार असतो आणि तो या तपासणीत दिसतच नाही.

कारणाशिवाय अन्न बंद करण्याचे नुकसान खरे असते. वाढत्या वयात दूध, डाळ, अंडे गेले तर प्रथिने व कॅल्शियम जाते. त्याहून वाईट म्हणजे मधल्या सुट्टीत सगळे मिळून पोहे-शेव किंवा साबुदाण्याची खिचडी खात असताना एक मूल बाजूला बसते. २०१५ मध्ये लंडन येथील एका मोठ्या अभ्यासात असेही दिसले की, ज्यांना अ‍ॅलर्जीचा धोका अधिक होता अशा बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, तर पाच वर्षांच्या वयापर्यंत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मुलाचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला किंवा भोवळ आली असेल, तर घरी पुन्हा खाऊ घालून पाहू नये. असा त्रास होताच ताबडतोब दवाखान्यात न्यावे. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. अशा मुलाची माहिती शाळेला लेखी जरूर द्यावी.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आणलात तर त्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही आणा, ज्यात मुलाला कशाने आणि काय त्रास झाला हे लिहिलेले असेल. चिठ्ठी नसली तरी आम्ही मुलाची काळजी घेऊच. परंतु त्याचा डबा रिकामा करण्यापूर्वी एकदा बालरोगतज्ज्ञांना तो अहवाल दाखवा. आणि ज्या मुलांना खरोखर अ‍ॅलर्जी आहे त्यांची थट्टा कोणी करू नये, त्यांना आग्रह करून काही खाऊ घालू नये, हे विद्यार्थ्यांनी पाळावे.

पिर्के यांच्याकडे मोठी यंत्रे नव्हती. त्यांच्यापाशी वही होती, तारखा होत्या आणि मुलाच्या खाटेपाशी बसण्याचा धीर होता. अहवाल वाचण्याआधी मुलाकडे पाहावे, ही त्यांची शिकवण डॉक्टरांइतकीच आई-वडिलांना आणि आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. वर्षअखेरीस मुलाच्या हाती गुणपत्रिका येते तेव्हाही ती आठवली तर बरे.